बर्फातला निवडुंग काय शिकवतो?



निवडुंग म्हटले की उन्हाने तापलेले माळरान आणि बांधावरचे काटेरी कुंपण डोळ्यांसमोर येते. परंतु कॅनडाच्या ज्या गवताळ मैदानांत हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली 40 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, तेथेही निवडुंग रानात वाढतो. तो कोणी नेऊन लावलेला नाही, तेथलाच आहे. ही वनस्पती एवढ्या थंडीत कशी तगते, हे समजून घेतले तर चाऱ्यासाठी निवडुंग लावताना होणारी एक मोठी चूक टाळता येते.

कोठे व कोणते निवडुंग?

कॅनडात प्रामुख्याने चार प्रकारचे निवडुंग रानटी अवस्थेत आढळतात. ओपन्शिया फ्रॅजिलिस हा त्यांपैकी सर्वांत उत्तरेकडे पोचलेला. पीस नदीच्या खोऱ्यात तो सुमारे 56 अंश उत्तर अक्षांशापर्यंत वाढतो. आपले नाशिक साधारण 20 अंशांवर आहे, यावरून अंतराची कल्पना यावी. ओपन्शिया पॉलिअकँथा हा दाट काट्यांचा प्रकार आणि एस्कोबेरिया व्हिव्हिपारा हा लाडवासारखा गोल, गुलाबी-जांभळ्या फुलांचा प्रकार आल्बर्टा व सस्कॅचवान प्रांतांच्या दक्षिण भागात आढळतात. चौथा, पिवळ्या फुलांचा प्रकार ईरी सरोवराच्या काठी पॉइंट पिली आणि पिली बेट येथे आहे. वाढती सावली, किनाऱ्याची धूप आणि माणसांची तुडवणूक यांमुळे कॅनडात तो धोक्यात आला आहे.

या गवताळ मैदानांच्या दक्षिण भागात वर्षाला साधारण 300 ते 400 मि.मी. पाऊस पडतो. सह्याद्रीमुळे आपल्याकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो, तसाच तेथे रॉकी पर्वतामुळे झाला आहे. म्हणजे हा प्रदेश थंड असला तरी कोरडा आहे. तेथेही निवडुंग बहुधा वाळूच्या, मुरमाड किंवा दक्षिणेकडे उतरत्या जमिनीवर वाढतो. अशा ठिकाणी ऊन भरपूर मिळते आणि पाणी साचत नाही.

थंडी सोसण्याची तयारी

निवडुंगाची चपटी 'पाने' ही खरे तर खोडाची पेरे होत. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले की पेशी फाटते व मरते. हे टाळण्यासाठी निवडुंग हिवाळ्यापूर्वीच तयारीला लागतो.

1. दिवस लहान होऊन गारवा वाढू लागला की पेरांतील पाणी कमी होते. पेरे सुरकुततात, मऊ पडतात आणि जमिनीवर लोळतात. झाड मेले असे वाटते, पण ते जिवंत असते.

2. पाणी घटल्याने पेशीरस दाट होतो व त्यातील साखरेचे प्रमाण वाढते. बुळबुळीत चिकट द्रव्यही पाणी धरून ठेवते. बर्फ झालाच तर तो पेशींच्या बाहेरील मोकळ्या जागेत होतो.

3. जमिनीवर लोळलेल्या पेरांवर हिमाचा थर बसतो. हा थर गोधडीसारखे काम करतो आणि वरच्या हवेइतकी थंडी खाली पोचू देत नाही.

वसंतात मुळे पुन्हा पाणी शोषतात व पेरे टवटवीत होतात. मात्र हेच झाड उबदार जागेतून उचलून एकदम कडाक्याच्या थंडीत ठेवले तर मरते. थंडी सोसण्याची ताकद हळूहळू येते.

आपल्यासाठी धडा

मागे एका शिवारफेरीत चारा-निवडुंगाचा एक प्लॉट पाहिला. लागवड मनापासून केली होती, पण सखल काळ्या रानात आणि भर पावसाळ्यात. निम्म्याहून अधिक पेरे बुडाशी सडली होती. "एवढा चिवट म्हणतात, मग मेला कसा?" असे त्या शेतकरी बंधूंनी विचारले. उत्तर सोपे आहे. निवडुंग पाण्याच्या टंचाईने सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतो. बर्फात तगणारा निवडुंगही ओल्या, चिबड जमिनीत कुजतो. म्हणून बिनकाट्याचा निवडुंग लावताना पुढील काळजी घ्यावी.

• हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन निवडावी. भारी जमीन टाळावी. तीच असेल तर उंच वरंब्यावर लागवड करावी.

• पेरे कापल्यावर एक ते दोन आठवडे सावलीत सुकू द्यावीत. जखम भरल्यावर पेराचा साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग मातीत जाईल असे लावावे.

• लागवड पेरांपासूनच करावी. बियांपासून आलेली रोपे काटेरी निघू शकतात.

• पेरांत सुमारे 90 टक्के पाणी असते व प्रथिने कमी असतात. म्हणून तुकडे करून कडब्यासारख्या कोरड्या चाऱ्यात मिसळून द्यावेत. नुसता निवडुंग दिल्यास जनावरे पातळ हगतात.

बांधावरचा त्रिधारी निवडुंग किंवा शेर मात्र चारा म्हणून कधीही देऊ नये. ती निवडुंगाच्या कुळातील झाडे नाहीत. त्यांचा दुधासारखा चीक दाहक असतो.

एक सावधगिरी

ओपन्शिया फ्रॅजिलिसची पेरे सहज तुटतात, जनावरांच्या अंगाला चिकटून दूर जातात आणि पडतील तेथे रुजतात. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग भारतात असाच माजला होता. 1926 मध्ये दक्षिण भारतात कोचिनिअल जातीचा कीटक सोडल्यानंतर तो आटोक्यात आला. म्हणून हौसेखातर परदेशी काटेरी जाती आणून रानात लावू नयेत.

यंदा लागवडीचा विचार असेल तर आधी एका जोरदार पावसानंतर त्या जागेवर जाऊन पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर ती जागा निवडुंगाची नाही.