प्रोसेसरला विचारूनच

व्हिडिओ उलगडणाऱ्या एफएफएमपेगची एकच संकलित फाइल जुन्या लॅपटॉपवरही चालते आणि यंदाच्या सर्व्हरवरही. जुन्यावर ती अडत नाही आणि नव्याची ताकद वाया घालवत नाही. एकच काम करणाऱ्या फंक्शनच्या अनेक आवृत्त्या या फाइलमध्ये असतात: एक साध्या सी भाषेतली, बाकीच्या एसएसई२, एव्हीएक्स२ अशा सूचनासंचांसाठी हाताने लिहिलेल्या असेंब्लीत. कोणती वापरायची ते कार्यक्रम चालू झाल्यावर ठरते. ज्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ येत नाही त्याच्यापुढे ती सूचना आली, तर लिनक्स कार्यक्रम तिथल्या तिथे बंद पाडतो. म्हणून आधी विचारावे लागते.

इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांना विचारायचे ते ‘सीपीयूआयडी’ या सूचनेने. १९९३ च्या पेंटियमपासून ती रूढ झाली. एका रजिस्टरमध्ये प्रश्नाचा क्रमांक ठेवायचा, चार रजिस्टरांत उत्तर मिळते. शून्य विचारले की बनवणाऱ्याचे बारा अक्षरी नाव येते. एक किंवा सात विचारले की उत्तरात क्षमतांचे बिट येतात, त्यांतला प्रत्येक बिट म्हणजे एकेका क्षमतेबद्दलचे ‘हो’ किंवा ‘नाही’.

खरी मेख एव्हीएक्स२ ज्यावर उभे आहे त्या एव्हीएक्सपाशी आहे. त्याची रजिस्टरे २५६ बिटांची. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना त्यांतला मजकूर जपून ठेवणे ही ऑपरेटिंग सिस्टिमची जबाबदारी. तिने तयारी दाखवल्याशिवाय प्रोसेसर त्या सूचना चालवतच नाही. म्हणजे प्रोसेसर ‘येते’ म्हणाला तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. प्रश्न क्रमांक एकच्या उत्तरात एव्हीएक्सचा अठ्ठाविसावा बिट पाहायचा, सिस्टिमची तयारी सांगणारा शेजारचा सत्ताविसावाही पाहायचा, मग ‘एक्सगेटबीव्ही’ या सूचनेने कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, काय काय सुरू केले आहे ते तपासायचे. या तीन पायऱ्यांतली एक जरी गाळली, तरी लिहिणाऱ्याच्या यंत्रावर सगळे सुरळीत चालते आणि दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम कोसळतो.

खरेदीचे वर्ष पाहूनही भागत नाही. कोअर मालिकेला एव्हीएक्स२ मिळाल्यानंतर कितीतरी वर्षे इंटेलच्या स्वस्त सेलेरॉन आणि पेंटियममध्ये ते नव्हतेच. बनवणाऱ्याच्या नावावरून ठरवणे तर माझ्या मते सरळ अन्याय. इंटेलचा स्वतःचा कंपायलर नाव पाहून वेगवान मार्ग निवडत असे, आणि त्या सूचना येत असूनही एएमडीच्या वाट्याला संथ मार्ग येई. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत ही गोष्ट विकासकांना उघडपणे सांगण्याची अट इंटेलवर आली.

दर वेळी विचारत बसले तर वेगच जाईल. म्हणून ‘जीलिबसी’ हे लिनक्सवरचे मूळ ग्रंथालय मेमकॉपीसारख्या फंक्शनची निवड एकदाच करते आणि निवडलेल्या आवृत्तीचा पत्ता नोंदवून ठेवते. पुढची प्रत्येक हाक तिकडेच जाते. एआरएम प्रोसेसरांवर तर लिनक्समध्ये क्षमतांची यादी कर्नलच कार्यक्रमाच्या हाती देतो.

इतक्या आवृत्त्या म्हटल्यावर चुकांच्या जागाही तितक्याच. यावर एफएफएमपेगकडे ‘चेकएएसएम’ आहे, आणि मला या साऱ्यात सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्याचा. नव्या प्रोसेसरला जुन्या सूचनाही येतात, याचा ते फायदा घेते: क्षमतांचे बिट मुद्दाम झाकून एकेक पायरी चढते, प्रत्येक असेंब्ली आवृत्तीला यादृच्छिक आकडे देते आणि तिचे उत्तर सी आवृत्तीच्या उत्तराशी ताडून पाहते. त्यामुळे जुन्या लॅपटॉपच्या वाट्याला येणारी आवृत्ती आजच्या विकासकाच्या नव्याकोऱ्या यंत्रावरही तपासली जाते.