अंगण खरेच वाकडे असेल तर? लष्करी यंत्रणांविषयीचे पाच गैरसमज

5 डिसेंबर 2001. अफगाणिस्तानात कंदाहारजवळ अमेरिकी विशेष दलाचा एक नियंत्रक बॉम्बफेकी विमानाला तालिबानी ठाण्याचे अक्षांश-रेखांश कळवत होता. हातातल्या जीपीएस यंत्राची बॅटरी उतरली, म्हणून त्याने ती बदलली. यंत्र पुन्हा सुरू झाले, पडद्यावर आकडे आले आणि तेच त्याने विमानाला सांगितले. पण ते ठाण्याचे आकडे नव्हते. बॅटरी बदलली की ते यंत्र स्वतः जिथे आहे तिथले आकडे दाखवत असे. दोन हजार पौंडांचा बॉम्ब आपल्याच माणसांवर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांचे काही अफगाण साथीदार ठार झाले. यंत्रात बिघाड नव्हता. ते जसे बनवले होते तसेच वागले.

लष्करी तंत्रज्ञानाची चर्चा पल्ला, वेग आणि अचूकता यांवरच थांबते. ते ज्याच्या हातात जायचे, त्याला ते नीट वापरता येते का, हा प्रश्न मागे पडतो आणि त्या जागी काही गैरसमज येऊन बसतात.

गैरसमज 1: सैनिक कणखर असतो, त्याला यंत्राची सोय कशाला हवी?

वस्तुस्थिती: वापरसुलभता म्हणजे चैन नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकांत तिच्या तीन कसोट्या आहेत: काम नेमके साधते का, त्याला वेळ आणि श्रम किती लागतात आणि वापरणारा समाधानी आहे का. याही कसोट्या ठरावीक माणसे, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरूनच लावायच्या असतात. वातानुकूलित खोलीत छान चालणारा टचस्क्रीन सियाचिनच्या थंडीत जाड हातमोज्यांना दाद देईलच असे नाही. रात्री त्याच पडद्याचा उजेड शत्रूला आपला ठावठिकाणा सांगू शकतो.

गैरसमज 2: अपघात झाला, म्हणजे माणूस चुकला.

वस्तुस्थिती: नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण सहज म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र अंगण खरोखर वाकडे निघाले. बी-17 बॉम्बर उतरवल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच वर घेत आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. 1943 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स शपॅनिस यांनी कॉकपिट पाहिले. दोन्ही कळा सारख्या दिसणाऱ्या आणि शेजारी-शेजारी होत्या. त्यांनी चाकांच्या कळीला छोटे रबरी चाक बसवले आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीचा आकार दिला. आता न पाहताही बोटांना फरक कळू लागला. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेले 460 प्रसंग तपासले, तेव्हा अनेक चुकांचे मूळ कळांच्या रचनेत सापडले. विमानाच्या चाकांच्या कळीला चाकाचा आकार देण्याची पद्धत आजही चालू आहे.

गैरसमज 3: टचस्क्रीन आला की यंत्रणा आधुनिक आणि सोपी झाली.

वस्तुस्थिती: 21 ऑगस्ट 2017 च्या पहाटे सिंगापूरजवळच्या गजबजलेल्या जलमार्गात अमेरिकी विनाशिका ‘जॉन एस. मॅककेन’ आणि एक तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली आणि विनाशिकेवरचे 10 नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू धरणाऱ्यावरचा भार हलका व्हावा म्हणून वेगाचे नियंत्रण शेजारच्या पडद्यावर द्यायचे ठरले होते. त्या गडबडीत सुकाणूचे नियंत्रणही तिकडे गेले, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही. सुकाणूच निकामी झाले, असा सगळ्यांचा समज झाला. वेग कमी करताना दोन्ही बाजूंची वेगनियंत्रणे (थ्रॉटल) पडद्यावर एकमेकांना जोडलेली नव्हती. त्यामुळे फक्त डावीकडचा पंखा मंदावला आणि जहाज डावीकडे, थेट दुसऱ्या जहाजाच्या वाटेत वळले.

चौकशीत प्रशिक्षण आणि देखरेख यांतल्या त्रुटींवर बोट ठेवले गेलेच, पण यंत्रणेच्या रचनेमुळे चुकीची शक्यता वाढली, असेही नोंदवले गेले. हाताने ढकलायचे दोन दांडे असते, तर कोणता पुढे आणि कोणता मागे, हे बघणाऱ्याला दिसले असते. 2019 मध्ये अमेरिकी नौदलाने विनाशिकांवर पुन्हा असे दांडे बसवायचे ठरवले.

गैरसमज 4: माहिती जितकी जास्त, निर्णय तितका अचूक.

वस्तुस्थिती: 3 जुलै 1988 रोजी इराणच्या आखातात ‘विन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. मृत 290 जणांत 10 भारतीय होते. नौकेवरची एजिस ही त्या काळातली अत्यंत प्रगत यंत्रणा होती. विमान वर चढत असल्याची नोंद तिच्यात होती, तरी नियंत्रण कक्षात ते हल्ल्यासाठी खाली झेपावत असल्याचे पुकारले गेले. मोठ्या पडद्यावर विमानाची जागा दिसे. उंची मात्र वेगळ्या छोट्या पडद्यावर नुसत्या आकड्यांत येई. ती वाढते आहे की घटते आहे, हे मागचा आकडा आठवून मनातच ताडावे लागे, तेही समुद्रावर चकमक चालू असताना.

गैरसमज 5: सैनिकांना एकदा विचारले, की यंत्रणा वापरकर्ताकेंद्री झाली.

वस्तुस्थिती: अमेरिकी लष्कराच्या ‘आयव्हॅस’ या डिजिटल चष्म्यांच्या चाचण्यांत सैनिक सुरुवातीपासून होते. 2021 मध्ये झालेल्या कराराची कमाल किंमत दहा वर्षांसाठी सुमारे 22 अब्ज डॉलर होती. तरीही 2022 च्या मैदानी चाचणीत सैनिकांना डोकेदुखी, मळमळ आणि डोळ्यांवर ताण जाणवला. अमेरिकी काँग्रेसने पुढच्या मोठ्या खरेदीला पैसे नाकारले आणि चष्म्याची रचना बदलावी लागली. विचारा, वापरून पाहा, बदला आणि पुन्हा विचारा, असे हे चक्र आहे. वापरणाऱ्यांचा असाच विचार करून अमेरिकी नौदलाच्या ‘कोलोरॅडो’ पाणबुडीवर पेरिस्कोपची जागा घेणारा कॅमेरा फिरवण्यासाठी सुमारे 38 हजार डॉलरच्या जॉयस्टिकऐवजी बाजारात मिळणारा एक्सबॉक्स गेमचा कंट्रोलर आला, कारण तरुण नौसैनिकांचे हात त्याला आधीच सरावलेले होते.

यापुढे एखाद्या लष्करी अपघाताच्या बातमीत ‘मानवी चूक’ हे शब्द वाचले, तर तिथेच थांबू नका. त्या क्षणी त्या माणसासमोरच्या पडद्यावर काय दिसत होते, ते विचारा. नाचणाऱ्याला बोल लावण्याआधी अंगण तपासायला हवे.