हवाई अंतर व उड्डाणकाल

हवाई अंतर व उड्डाणकाल : पृथ्वीपृष्ठावरील दोन विमानतळांमधील किमान अंतर म्हणजे हवाई अंतर व ते आक्रमिण्यास विमानास लागणारा वेळ म्हणजे उड्डाणकाल. पृथ्वी स्थूलमानाने गोल असल्याने हे अंतर बृहत् वर्तुळाच्या कंसावर मोजतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश ज्ञात असल्यास गोलीय त्रिकोणमितीने कंसाचा कोन काढता येतो. त्याच्या प्रत्येक अंशास सु. १११ किमी. अंतर पडते. विमानविद्येत हे अंतर सागरी मैलांत (१ सागरी मैल = १·८५२ किमी.) सांगतात.

पुण्यातील खराडीच्या वायव्येस असलेल्या लोहगाव विमानतळापासून लक्षद्वीपमधील अगत्ती सु. ८८० किमी., तर अंदमानातील पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्रीविजयपुरम्) सु. २,१६० किमी. दूर आहे. या दोन बेटांवरील विमानतळांतील परस्पर अंतर सु. २,२४० किमी. भरते. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर असून रेखांशांत सु. २०·५° फरक आहे. त्यामुळे घड्याळे एकच भारतीय प्रमाणवेळ दाखवीत असली, तरी पोर्ट ब्लेअर येथे सूर्य सु. ८२ मिनिटे आधी माथ्यावर येतो.

उड्डाणकाल केवळ अंतरावर अवलंबून नसतो. धावपट्टीवरील हालचाल, आरोहण व अवरोहण यांत वेळ जातो; वाऱ्याचाही परिणाम होतो. पावसाळ्यात द्वीपकल्पावर अतिउंचीवर पूर्वेकडून वेगवान वारे वाहतात. ते पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांस अनुकूल ठरतात. ताशी सु. ८३० किमी. वेगाच्या जेट विमानास वरील अंतर तोडण्यास सु. सव्वातीन तास पुरतील. परंतु अगत्तीची धावपट्टी सु. १,२०० मी. लांबीची असून मोठ्या जेट विमानांना ती अपुरी पडते. तेथे उतरू शकणाऱ्या टर्बोप्रॉप विमानांचा पल्ला पूर्ण प्रवासी घेऊन एवढा नसतो. परिणामी प्रवाशास मुख्य भूमीवर विमान बदलावे लागते. कोची व चेन्नईमार्गे अंतर सु. २,३६० किमी., म्हणजे जेमतेम एकविसांशाने अधिक होते. पण विमानतळांवरील प्रतीक्षेमुळे एकूण वेळ कितीतरी वाढतो आणि जोडउड्डाण चुकल्यास मुक्कामही पडतो.

वि. दा. सावरकरांना १९११ मध्ये अंदमानास समुद्रमार्गे नेण्यात आले. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळास २००२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले असून चेन्नईहून तेथवरचे उड्डाण आता सु. सव्वादोन तासांचे आहे. बेटवासीयांच्या दृष्टीने मात्र किलोमीटरांपेक्षा तासांना महत्त्व अधिक. लक्षद्वीपमधील अत्यवस्थ रुग्णास हेलिकॉप्टरने कोचीस हलवितात, तेव्हा अंतर तेच राहते. परंतु विमानाची वेळ, हवामान व धावपट्टी यांवर त्याचे प्राण अवलंबून असतात.