व्हिडिओ खेळ : तबकडीवरून कीं हार्ड डिस्कवरून ?

घरांत कन्सोल आला कीं दोन-चार दिवसांत एक वाद हटकून उपस्थित होतो. विकत आणलेली खेळाची तबकडी यंत्रांत घालून तिजवरूनच खेळावें, कीं तो सगळा खेळ एकदां यंत्राच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा ? मुलें उतरवून घेण्याच्या बाजूचीं असतात. वडील मंडळींना आयती जागा व्यर्थ दवडल्यासारखी वाटते. दोन्ही पक्षांना थोडथोडा आधार आहे. परंतु कोणत्या यंत्राविषयीं बोलणें चाललें आहे हें ठरविल्यावांचून या वादाचा निकाल लागावयाचा नाहीं.

हा प्रश्न खऱ्या अर्थानें निर्माण झाला तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रानें. तें अमेरिकेंत नोव्हेंबर २००५ मध्यें व भारतांत सप्टेंबर २००६ मध्यें विक्रीस आलें. त्याचा स्वस्त प्रकार हार्ड डिस्कशिवाय विकला जाई; महाग प्रकाराबरोबर २० गिगाबाइटची डिस्क मिळे. गिऱ्हाइकापाशीं डिस्क असेलच असा भरंवसा नसल्यामुळें प्रत्येक खेळ केवळ तबकडीवरून चालेल अशाच बेतानें रचावा लागे. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्यें मात्र सरसकट डिस्क होती, आणि त्याची ब्लू-रे तबकडी वाचण्याचा वेग सेकंदास सुमारें ९ मेगाबाइट, म्हणजे बेताचाच होता. तेव्हां तेथें कित्येक खेळ आपला कांहीं भाग सक्तीनेंच डिस्कवर उतरवीत. २००८ सालच्या 'मेटल गिअर सॉलिड ४' मध्यें तर नव्या अंकाच्या आरंभीं हा विधि पुन्हा होई, आणि तोंवर खेळाचा वृद्ध नायक पडद्यावर स्वस्थपणें सिगारेट ओढीत राही. खेळणाऱ्याच्या सहनशीलतेची एवढी उघड कबुली क्वचितच कोणी दिली असेल !

नोव्हेंबर २००८ मध्यें मायक्रोसॉफ्टनें आपल्या यंत्राची अंतर्गत व्यवस्था बदलली आणि कोणताहि खेळ संपूर्णपणें हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याची सोय करून दिली. ती ऐच्छिक होती. खेळ उतरवून घेतला तरी तबकडी यंत्रांत असावीच लागे. आरंभीं ती खरी आहे कीं नाहीं हें पाहून यंत्र तिला थांबवी व पुढील सर्व काम डिस्कवरून करी. एक तबकडी विकत घेऊन दहा घरांनीं खेळ उतरवून घेऊं नये, हा त्यांतील उघड हेतु.

यांतून लाभ कोणता, हें समजण्यास दोहोंची रचना ध्यानीं घेतली पाहिजे. एक्सबॉक्सची डी.व्ही.डी. बारापट वेगानें फिरे आणि फार तर सेकंदाला सोळा-साडेसोळा मेगाबाइट माहिती देई. तीहि तबकडीच्या बाहेरील कडेपाशीं. मध्याकडे हा वेग बराच कमी होतो. परंतु वेगापेक्षांहि मोठी अडचण शोधाची. ग्रामोफोनची सुई उचलून दुसऱ्या गाण्यावर ठेवावी त्याप्रमाणें तबकडी वाचणाऱ्या किरणाला एका जागेवरून दुसऱ्या जागीं सरकावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं सेकंदाचा दहावा भाग किंवा अधिक वेळ मोडतो. हार्ड डिस्कचें टोंक तेंच काम सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतें. ही धांवाधांव टाळण्यासाठीं कित्येक रचनाकार तीच माहिती तबकडीवर ठिकठिकाणीं पुनःपुन्हां नोंदवून ठेवीत.

म्हणून बहुतेक खेळ डिस्कवरून लवकर सुरू होत. चित्र मात्र त्यामुळें अधिक सुरेख होत नसे, हेंहि सांगितलें पाहिजे. याहून जाणवणारा लाभ शांततेचा. बारापट वेगानें फिरणाऱ्या तबकडीचा घरघराट रात्रीच्या वेळीं शेजारच्या खोलींतहि ऐकूं येई. तो एकदम बंद पडला. आणि तिसरा लाभ तबकडीच्या आयुष्याचा. तबकडी फिरत असतां यंत्र हलविलें किंवा उभ्याचें आडवें केलें, तर तिच्यावर वर्तुळाकार खोल ओरखडा पडून ती कायमची निकामी होत असे. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें एवढें एकच कारण पुरेसें आहे. मात्र खेळ उतरवून घ्यावयाचा तर तबकडी नवी असतांनाच घ्यावा. कारण त्या वेळीं यंत्राला तिचा कण न् कण वाचावा लागतो, आणि एरवीं कसाबसा चालणारा ओरखडलेला खेळ तेथें अडून बसतो.

तथापि "सर्वच खेळ उतरवून घ्यावे" असा नियम करणारे फसतात. 'हेलो ३' हा २००७ चा गाजलेला खेळ हार्ड डिस्कवर उतरवला तर उलट मंद सुरू होई, आणि त्याचें कारण तो रचणाऱ्या बंजी या संस्थेनेंच सांगितलें होतें. तो खेळ तबकडीवरील माहिती चालतां चालतां डिस्कच्या एका राखीव भागांत काढून ठेवी. म्हणजे एक शिपाई दप्तरखान्यांतून कागद आणून देत आहे व दुसरा ते कपाटांत लावीत आहे, अशी ती व्यवस्था होती. सगळा खेळ डिस्कवरच नेल्यावर दोन्ही कामें एकाच शिपायाच्या गळ्यांत पडलीं. २०१३ सालीं 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' च्या वेळीं हेंच पुन्हा घडलें. एक्सबॉक्स ३६० साठीं त्या खेळाच्या दोन तबकड्या होत्या : पहिली उतरवून घेणें सक्तीचें, दुसरी यंत्रांत ठेवून खेळावयाचें. ही दुसरीहि उतरवून घेऊं नये असें प्रकाशकांनींच सुचविलें, कारण खेळ एकाच वेळीं तबकडी व डिस्क या दोहोंकडून माहिती ओढीत असे. ज्यांनीं हौसेनें दोन्ही उतरवल्या त्यांना रस्त्यांवरील इमारती उशिरानें उमटतांना दिसल्या.

राहिला जागेचा प्रश्न. एका खेळास सहा-सात गिगाबाइट लागत, आणि २० गिगाबाइटच्या डिस्कवर प्रत्यक्षांत तेरा-चौदाच हातीं येत. तेव्हां जुनें यंत्र वापरणाऱ्यानें एका वेळीं दोन खेळ ठेवावे, संपला कीं काढून टाकावा. त्या यंत्रासाठीं नवे खेळ विकणारें मायक्रोसॉफ्टचें दुकान २९ जुलै २०२४ रोजीं बंद झालें आहे. यापुढें नवा खेळ मिळावयाचा तो जुन्या तबकडीच्या रूपानेंच. तिला जपणें हें आतां हौसेचें काम राहिलेलें नाहीं.

नव्या यंत्रांत मात्र मूळ वादच मिटला आहे. नोव्हेंबर २०१३ मध्यें निघालेल्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन पासून खेळ उतरवून घेणें सक्तीचें झालें, आणि तबकडी ही केवळ किल्ली ठरली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्यें ८२५ गिगाबाइटचा, फिरता भाग नसलेला साठा आहे. तो सेकंदास साडेपांच गिगाबाइट माहिती देऊं शकतो, आणि त्या यंत्राचे खेळ या वेगावर विसंबूनच रचले जातात. येथें प्रश्न उतरवण्याचा नसून काय काढून टाकावें याचा आहे. त्यासाठीं यु.एस.बी.ची साधी बाहेरील डिस्क उपयोगी पडते. तिच्यावरून प्लेस्टेशन ५ चे खेळ खेळतां येत नाहींत, पण ते तिच्यावर नेऊन ठेवतां येतात, आणि परत आणावयास पुन्हा इंटरनेटवरून उतरवण्याइतका वेळ लागत नाहीं. प्लेस्टेशन ४ चे खेळ तर तिच्यावरूनच चालतात. खेळ काढून टाकला म्हणजे मुलांची महिनोन्महिन्यांची प्रगति पुसली जाते, अशी भीति पुष्कळ घरांत आढळते. ती निराधार आहे, कारण प्रगतीची नोंद खेळापासून वेगळी ठेवलेली असते व ती पुसावयाची तर निराळी आज्ञा द्यावी लागते.