मुलाच्या जागी कोण?

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली, तेव्हा त्यांतल्या आठव्या उद्दिष्टात एक ठाम मुदत घातली होती: २०२५ पर्यंत बालमजुरी तिच्या सगळ्या रूपांत संपवायची. मुदत भरली, मजुरी संपलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२४ साली जगात १३ कोटी ८० लाख मुलं मजुरी करत होती. त्यांतली ५ कोटी ४० लाख जिवाला किंवा आरोग्याला धोका असलेल्या कामांत होती. २००० साली एकूण आकडा २४ कोटी ६० लाख होता. म्हणजे पाव शतकात तो बराच खाली आला. पण सरळ उतरत आला नाही. २०१६ साली १५ कोटी २० लाखांवर आलेली संख्या २०२० मध्ये पुन्हा १६ कोटींवर गेली होती.

प्रयत्न कुठे फळले, कुठे फसले आणि का, याचा हा आढावा आहे. मी राहतो ते रास अल खैमा हे संयुक्त अरब अमिरातींतलं उत्तरेकडचं छोटं अमिरात. इथे आणि शेजारच्या अमिरातींत बालमजुरीचा एक अतिशय क्रूर प्रकार काही वर्षांच्या आत बंद झाला. तो कसा बंद झाला, हे समजून घेतलं की आपल्या मराठवाड्यातल्या मुलांच्या बाबतीत आपण कुठे कमी पडतो आहोत, तेही दिसतं.

गिरण्यांपासून जिनिव्हापर्यंत

कायद्याने मुलांना कामापासून दूर ठेवण्याच्या प्रयत्नाशी मुंबईचं नातं जुनं आहे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचं काम नऊ तासांवर आणलं. या कायद्यामागे लँकेशायरच्या कापड गिरणीवाल्यांचा रेटा होता. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना नको होतं. मुलांच्या कळवळ्याआडून व्यापाराचा हिशेब चालतो, हा संशय तेव्हापासून या विषयाला चिकटला तो आजवर.

पण गिरणगावात कळवळा खराही होता. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, साप्ताहिक सुटीसाठी आणि कामाच्या तासांसाठी लढा दिला. १८९१ च्या दुरुस्तीने मुलांचं किमान वय नऊ झालं आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले.

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्याच परिषदेने उद्योगांसाठी किमान वय चौदा ठरवलं. त्याच ठरावात हिंदुस्थानला मात्र वेगळी मोजपट्टी लावली गेली: इथे बारा पुरे. जगाने चौदा ठरवल्यावरही आपल्या मुलांची दोन वर्षं कारखान्याच्या पदरात पडली. किमान वयाचा सर्वसमावेशक करार १९७३ साली झाला, तो क्रमांक १३८. बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा करार क्रमांक १८२ हा १९९९ चा. अमिरातींनी हे दोन्ही करार अनुक्रमे १९९८ आणि २००१ मध्ये मान्य केले. भारताने दोन्ही एकदमच, १३ जून २०१७ रोजी स्वीकारले. ऑगस्ट २०२० मध्ये टोंगाने सही केली आणि १८२ हा संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलेला पहिला करार ठरला.

एवढं एकमत असूनही कोट्यवधी मुलं कामावरच आहेत, याचं कारण कागद खोटा आहे असं नाही. कागद मुलाला कामावरून उठवायला सांगतो. उठवल्यावर दोन प्रश्न उरतात. त्या मुलाचं काम आता कोण करणार? आणि त्या कामातून घरी येत होतं ते कुठून येणार? ज्यांनी ही दोन्ही उत्तरं शोधली, ते प्रयत्न टिकले.

उंटावरची मुलं

रास अल खैमा शहराच्या दक्षिणेला, दिगदागाच्या शेतीभागाजवळ अल सवान हे उंटांच्या शर्यतीचं मैदान आहे. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल हा शर्यतींचा हंगाम. शर्यत सकाळी लवकर सुरू होते. सुरुवातीची जाळी वर जाते, उंट मान पुढे काढून सुटतात, आणि धावपट्टीला लागून असलेल्या रस्त्यावरून मालकांच्या गाड्यांचा तांडा धुरळा उडवत उंटांच्या बरोबरीने धावू लागतो. गाडीत एकाच्या हातात बिनतारी संच असतो; तो ओरडतो ते उंटाच्या पाठीवरच्या छोट्या ध्वनिक्षेपकातून उंटाला ऐकू जातं. दुसरा रिमोटची कळ दाबतो आणि उंटाच्या मदारीवर बांधलेल्या यंत्राचा चाबूक गरगर फिरतो. यंत्र हातभर उंचीचं, वजनाने दोन-तीन किलोचं. त्याच्या आत बहुधा भिंतीला भोकं पाडायच्या साध्या बॅटरीवरच्या ड्रिलची मोटर असते. वर मालकाच्या रंगाचा सदरा आणि टोपी.

तो सदरा ज्या मापाचा आहे, त्या मापाची मुलं विसाएक वर्षांपूर्वीपर्यंत तिथे बसत होती.

स्वार जितका हलका तितका उंट वेगवान, एवढ्या एका हिशेबापायी आखाती देशांत तीन-चार वर्षांपासूनची मुलं आणली जात. पाकिस्तानातल्या रहीम यार खानसारख्या जिल्ह्यांतून, बांगलादेश, सुदान आणि मॉरिटानियातून. आधीच्या काळात भारतातूनही. दलाल आईबापांना थोडे पैसे आणि भरपूर आश्वासनं देत. कधी कुटुंबच मुलासकट येई, कधी दुसऱ्याच माणसाच्या पासपोर्टवर त्याचं मूल म्हणून चिमुकल्याचं नाव चढे. मुलं वाळवंटातल्या उंटांच्या तळांवर राहत. वजन वाढू नये म्हणून त्यांना पोटभर जेवू देत नसत. भरधाव उंटावरून पडून हाडं मोडत, काही मुलं उंटांच्या पायाखाली आली. जी धड राहिली, त्यांचीही वाढ खुंटली.

बंदी नव्हती असं नाही. १९९३ मध्येच अमिरातींत मुलांना स्वार म्हणून बसवायला मनाई झाली होती. १ सप्टेंबर २००२ पासून पंधरा वर्षांखालच्या आणि ४५ किलोपेक्षा कमी वजनाच्या स्वारांवर पुन्हा बंदी आली. शर्यती तरीही मुलांवरच चालत राहिल्या, कारण बंदीने स्वार हटवायला सांगितलं, पण त्याच्या जागी कोण बसणार हे कुणी सांगितलं नाही.

चित्र पालटलं ते चार गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यामुळे. पहिली, उघडपणा. पाकिस्तानातले मानवाधिकार कार्यकर्ते अन्सार बर्नी यांच्या साथीने अमेरिकेच्या एचबीओ वाहिनीने २००४ मध्ये उंटांच्या तळांवरची मुलं जगाला दाखवली. दुसरी, दबाव. २००५ च्या मानवी व्यापारविषयक अहवालात अमेरिकेने अमिरातींना सर्वांत खालच्या तिसऱ्या श्रेणीत टाकलं. तिसरी, दात असलेला कायदा. जुलै २००५ च्या संघीय कायदा क्रमांक १५ ने अठरा वर्षांखालचा स्वार बेकायदा ठरवला आणि तीन वर्षांपर्यंत कैद, किमान ५०,००० दिरहॅम दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मूल खरंच सोबतच्या माणसाचं आहे का, हे पाहायला डीएनए चाचण्या झाल्या, आणि परदेशी मुलांना स्वतंत्र पासपोर्ट सक्तीचा झाला. दलालांची सगळ्यात सोयीची वाट त्यामुळे बंद झाली.

चौथी गोष्ट म्हणजे यंत्र. कतारने के-टीम या स्विस कंपनीकडून यंत्रस्वार बनवून घेतला होता. सुरुवातीची यंत्रं जड आणि महाग होती. पुढे आखातातल्या छोट्या वर्कशॉपमधून हलकी, स्वस्त यंत्रं तयार होऊ लागली. पंधरा-वीस किलोच्या पोरापेक्षा दोन-तीन किलोचं यंत्र मालकाला शर्यत जिंकायला अधिक सोयीचं होतं. कायद्याची भीती आणि मालकाचा फायदा पहिल्यांदाच एका बाजूला आले. यंत्राविना कायदा पुन्हा कागदावरच राहिला असता, आणि कायद्याविना यंत्र केवळ श्रीमंतांची हौस ठरलं असतं.

मुलांच्या घरचा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नव्हता. त्यासाठी मे २००५ मध्ये अमिरातींनी युनिसेफशी करार केला. एक हजाराहून अधिक मुलं चार देशांत परत पाठवली गेली, आणि पुढच्या टप्प्यात नुकसानभरपाई, शिक्षण व गावांमधल्या कामासाठी निधी दिला गेला. पाकिस्तानात परतलेल्या अनेक मुलांना लाहोरच्या बालसंरक्षण केंद्रात ठेवावं लागलं. कुणाला आईबाप आठवत नव्हते, कुणाला स्वतःची भाषा. ज्या बापाने पैसे घेऊन मूल धाडलं, त्याच्याच हाती ते पुन्हा द्यायचं का, हा प्रश्न तिथल्या कार्यकर्त्यांपुढे रोज उभा राहत होता. पुनर्वसनाला म्हणूनच वर्षं लागली. सुटका एका रात्रीत होते, पुनर्वसन होत नाही.

ढाक्याचा धडा

ही दोन उत्तरं आधी शोधली नाहीत तर काय होतं, ते बांगलादेशाने दाखवून दिलं होतं. १९९२ मध्ये अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून तयार झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक मांडलं. ते कधीच मंजूर झालं नाही, पण नुसत्या धाकाने ढाक्याच्या कपडा कारखान्यांनी मुलांना घरी पाठवलं. युनिसेफच्या अंदाजाने ती सुमारे ५०,००० होती, बहुतेक मुली. त्या शाळेत गेल्या नाहीत. अनेकजणी खडी फोडायला, रस्त्यावर वस्तू विकायला गेल्या, काही त्याहून वाईट ठिकाणी.

या अनुभवातून जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. नवं मूल कामावर घ्यायचं नाही. जे आहे त्याला शाळेत जागा तयार झाल्यावरच काढायचं. आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी महिन्याला ३०० टाका द्यायचे. मिळकतीचा खड्डा पूर्ण बुजला नाही, पण खड्डा आहे हे निदान मान्य झालं.

फडावरची मुलं

आता आपल्याकडे येऊ. अमिरातींत उंटांच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो, साधारण त्याच दिवसांत बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव भागांतल्या गावांमधून ऊसतोड टोळ्या निघतात. आईबाप दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फड सुटत नाही. घरी म्हातारं माणूस नसेल तर मुलं बरोबर निघतात आणि शाळेचं अर्धं वर्ष बुडतं.

त्या मुलांपैकी बहुतेकांना कुणीही कामावर ठेवलेलं नसतं. पहाटे अंधारात आईबाप फडात गेले की आठ-दहा वर्षांची पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. थोडी मोठी झाली की वाढे गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते. तिची नोंद मुकादमाच्या वहीत नसते, कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ती नोकर नसल्याने तिला ‘सोडवायला’ कुठला निरीक्षक धाड घालणार? बालमजुरीविरोधी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी केली, पण शाळा सुटल्यावर व सुटीत घरच्या कामाला मदत करायची सवलत ठेवली. या सवलतीच्या आडोशाला ही पोरगी कायद्याच्या नजरेआड होते. जगाचं चित्रही असंच आहे. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार मजुरी करणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७२ टक्के मुलं घरच्यांच्याच कामात होती, आणि २०२४ च्या अंदाजात ६१ टक्के शेतीत.

अल सवानला जसं यंत्र आलं तसं फडातही येत आहे. ऊस तोडणारी हार्वेस्टर यंत्रं अनुदानावर घेतली जात आहेत. पण दोन्हीकडचा हिशेब सारखा नाही. उंटावरच्या यंत्राने फक्त मुलाची जागा घेतली. हार्वेस्टर आख्ख्या कोयत्याची जागा घेतो. आईबापाची मजुरी गेली, तर मूल फडातून सुटेल आणि वीटभट्टीवर किंवा शहराच्या सिग्नलवर जाऊन पोहोचेल. ढाक्यात हेच घडलं होतं.

इथे मुलाच्या जागी बसवायचं आहे ते पाळणाघर, वसतिगृह आणि पुरेशी मजुरी. महाराष्ट्राला हे ठाऊक नाही असं नाही. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालल्या. नंतर मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. स्थलांतरित मुलाला कुठल्याही शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आलं. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजनेने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं जाहीर केली. योजना चांगल्याच आहेत. घोडं अडतं ते वेळेवर. टोळी निघते तेव्हा वसतिगृह उघडलेलं नसेल, तर त्या आईला पोर बरोबर नेण्यावाचून पर्याय उरत नाही. वयात येणाऱ्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं या धास्तीने तिचं लग्न उरकलं जातं, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी तीच नव्या कोयत्याचा अर्धा भाग होऊन फडात उभी राहते.

आता काय करायचं

या सगळ्याचा अर्थ मला असा दिसतो. धाड, बंदी आणि शिक्षा हव्यातच. १९९३ आणि २००२ च्या बंद्या फसल्या त्या जरब नव्हती म्हणूनही. पण मुलाला कामावरून उचलायचा दिवस ठरवताना त्याच्या जागेची आणि त्याच्या घरच्या चुलीची सोय त्याच दिवसापासून झालेली हवी. बाहेरचा दबाव वाईट नसतो, मग तो अहवालाचा असो की ग्राहकाचा. सोय न करता आणलेला दबाव मुलांवरच उलटतो.

दबावाची बाजू ऊसतोडीत अजून दुबळी आहे. उंटाच्या मालकाचं नाव जगाला कळलं, त्याच्या देशाची श्रेणी घसरली, म्हणून हालचाल झाली. साखरेच्या पोत्यामागे मुकादम, टोळी आणि कारखाना अशी इतकी लांब साखळी असते की जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडत नाही. ती कारखान्याच्या गळ्यात पडायला हवी. गाळप परवाना देताना साखर आयुक्तालयाने विचारावं: तुमच्या तळांवर पाळणाघर आहे का? तुमच्या टोळ्यांच्या गावांतली वसतिगृहं सुरू झाली का? उत्तर नाही असेल, तर परवाना थांबावा. उसाचं बिल वेळेवर मिळावं म्हणून परवान्याचा धाक वापरता येतो, तर फडातल्या पोरीसाठीही तो वापरता येईल. शिवाय तोडणीचा दर इतका असावा की मोळी बांधायला तिसऱ्या हाताची गरजच पडू नये.

हे अशक्य नाही. तेलाच्या पैशाने श्रीमंत आणि परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आपल्या लाडक्या खेळातून मुलं काढली, आणि खेळही टिकला. साखर कारखानदारीची ताकद महाराष्ट्रात कमी नाही, आणि साखरेला पोरांच्या हातांची गरज कधीच नव्हती. येत्या हंगामात गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक टोळीच्या गावी वसतिगृहाचं दार उघडं असलं पाहिजे. त्यासाठी नवा आंतरराष्ट्रीय करार लागत नाही. आपण आधीच सही केलेले दोन पुरेसे आहेत.