भक्ती, शेती आणि संसार : गृहस्थाच्या शाश्वत उपजीविकेचा प्रश्न

भक्तिभावाने एकत्र आलेल्या शेती-समुदायांची चर्चा आपल्याकडे बहुधा सेंद्रिय खत, गोपालन आणि साधी राहणी यांभोवती फिरते. त्या समुदायातील गृहस्थाचे घर कशावर चालते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. संन्यासी साधकाच्या गरजा आश्रमाच्या पंगतीत भागतात. गृहस्थाला मुलांचे शिक्षण, आजारपण आणि वार्धक्य यांसाठी रोख पैसा लागतो व तो वर्षभर लागतो. रॉबर्ट चेंबर्स व गॉर्डन कॉनवे यांनी १९९२ मध्ये केलेल्या मांडणीनुसार, जी उपजीविका ताण व आघातांतून सावरते, आपली क्षमता व साधने टिकवते आणि पुढील पिढीलाही संधी देते, ती शाश्वत होय. श्रद्धेतून सामाजिक भांडवल निर्माण होते, हे खरे. परंतु मानवी, नैसर्गिक, भौतिक आणि वित्तीय ही उर्वरित चार भांडवले त्यातून आपोआप उभी राहत नाहीत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राशी निगडित दोन प्रयोग पाहून जबलपूर परिसराच्या संदर्भात त्यांचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

यांपैकी स्वाध्याय परिवाराचा प्रयोग अधिक बोधप्रद आहे. रोहा येथे १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले या कार्याचे प्रणेते. त्यांना १९९६ मध्ये सामुदायिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘योगेश्वर कृषी’ या त्यांच्या कल्पनेनुसार गावाच्या सामाईक शेतावर स्वाध्यायी वर्षातील मोजके दिवस पुजारी या नात्याने श्रम करतात. तेथील उत्पन्नावर कोणा एकाची मालकी नसल्याने त्यास ‘अपौरुषेय लक्ष्मी’ म्हणतात आणि गरजू घरी ते प्रसाद म्हणून पोहोचते. किनारपट्टीवरील ‘मत्स्यगंधा’ नौकांवर कोळी बांधव याच रीतीने आळीपाळीने जातात.

येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, देणाऱ्याचे स्वतःचे शेत वा होडी त्याच्याकडेच राहते. श्रमदानाचे दिवस थोडे आणि विभागलेले असल्याने कोणाही घराची रोजी बुडत नाही. म्हणजेच संधी-खर्च अल्प राहतो. सामाईक निधी हा एक प्रकारचा विमा ठरतो, आणि प्रसाद स्वीकारताना याचकाचा कमीपणा येत नाही. तथापि, निधीपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते याच परिवाराने सौराष्ट्रात केलेले विहीर-पुनर्भरणाचे काम. तेथे सामूहिक श्रमातून प्रत्येक घराच्या विहिरीचे पाणी, पर्यायाने त्याचे उत्पादक भांडवल, वाढू शकते. सेवेचा लाभ संसारापर्यंत पोहोचण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग म्हणावा लागेल.

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात २००३ मध्ये सुरू झालेल्या गोवर्धन इकोव्हिलेजचा मार्ग निराळा आहे. शेती व गोशाळेला तेथे मातीच्या विटांची बांधकामे, सांडपाण्याचे जैविक शुद्धीकरण आणि पाहुण्यांचे पर्यटन यांची जोड मिळाली. पर्यटनातील नवोपक्रमासाठी जागतिक पर्यटन संघटनेने २०१८ च्या जानेवारीत या संस्थेचा गौरवही केला. बिगरशेती उत्पन्न हा त्याचा आधार. मात्र मुंबईसारखे महानगर जवळ असणे ही अनुकूलता प्रत्येक ठिकाणी लाभत नाही.

नर्मदाकाठच्या जबलपूर जिल्ह्यात असा समुदाय उभा करावयाचा झाल्यास हिशेब स्थानिक पिकांपासून मांडावा लागेल. हा जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात शेंगा एकाच सुमारास बाजारात येतात, माल नाशवंत असल्याने भाव कोसळतो आणि घरात आलेला पैसा काही आठवड्यांपुरताच पुरतो. गहू वसंतात हाती येतो. मधल्या महिन्यांसाठी दूध, भाजीपाला, शीतगृह वा प्रक्रिया यांची साखळी नसेल, तर सावकाराचे दार अटळ ठरते. रासायनिक तणनाशके टाळल्यास निंदणीची मजुरी वाढते, ती वेगळीच. केंद्रीय तण संशोधन संस्था आणि १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय या दोन्ही संस्था जबलपुरातच आहेत. त्यांचा सल्ला न घेता केवळ भावनेच्या बळावर पीकरचना ठरविणे शहाणपणाचे नव्हे.

गोपालनाचा हिशेब अधिक नाजूक आहे. ज्या समुदायात भाकड गाय किंवा गोऱ्हा विकला जात नाही, तेथे दूध देणाऱ्या गायीच्या उत्पन्नातून संपूर्ण कळप पोसावा लागतो. शेणखत व बैलांचे काम यांतून काही भरपाई होते, सगळी नव्हे. हा भार दुधाच्या दरात वा देणगीच्या खात्यात उघडपणे दाखवावा. तो गृहस्थाच्या बिनमोबदला राबण्यात लपविला गेला, की पुढची पिढी शहराची वाट धरते.

अखेरचा प्रश्न जमिनीच्या हक्काचा. अशा ठिकाणी जमीन न्यासाच्या नावे असल्यास कसणाऱ्या कुटुंबास ती तारण ठेवता येत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेतून संस्थात्मक जमीनधारक वगळलेले आहेत, त्यामुळे तो लाभही घरापर्यंत पोहोचत नाही. याउलट किसान क्रेडिट कार्ड भाडेपट्ट्याने वा बटाईने कसणाऱ्यांना, तसेच त्यांच्या संयुक्त दायित्व गटांनाही मिळू शकते. मध्य प्रदेशने भूमिस्वामी व बटाईदार यांच्या हितरक्षणासाठी २०१६ मध्ये कायदा करून लेखी कराराचा मार्ग दिला आहे. न्यासाने प्रत्येक कुटुंबाशी असा मुदतीचा करार करून सेवेचे दिवस आणि मोबदल्याचे दिवस त्यात वेगवेगळे नमूद केले, तर बँकेत जाताना त्या गृहस्थाच्या हाती दाखवायला एक कागद तरी असेल.