लंडन ते पॅरिस : अंतर आणि अवधी

नकाशावर लंडन आणि पॅरिस या दोन राजधान्यांमध्ये सरळ रेषा ओढली, तर तिची लांबी सुमारे ३४४ किलोमीटर भरते. आणि जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने उडते हे ज्याला ठाऊक आहे, तो शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाच्या आधारे ही मजल सव्वीस मिनिटांत उरकली पाहिजे, असे बेधडक सांगेल. वेळापत्रकात मात्र हाच अवधी सुमारे सव्वा तासाचा छापलेला असतो.

ही तफावत निष्कारण नाही. विमान आपल्या थांब्यावरून हलते तेव्हापासून, मुक्कामी थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सारा काळ वेळापत्रकात धरलेला असतो. दार बंद झाल्यावर एक बुटके, वजनदार वाहन विमानाला मागे रेटते. मग इंजिने सुरू होतात, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या दोनच धावपट्ट्यांपाशी पुढच्या विमानांमागे रांगेत तिष्ठावे लागते. पुढे आकाशातही मार्ग सरळ नसतोच. उड्डाण शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून करावयाचे, दहा हजार फुटांच्या खाली वेग बहुधा ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास रोखावयाचा, ठरवून दिलेली वळणे घ्यावयाची, असा सारा शिरस्ता. आणि या एवढ्याशा मजलीत तर विमान उंचीवर स्थिरावते न स्थिरावते तोच उतरणीचा हुकूम येतो. परतीच्या वेळी हीथ्रोभोवतालच्या चार नेमलेल्या ठिकाणी, हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक घिरट्या घालीत विमाने आपल्या पाळीची प्रतीक्षा करतात.

यात घड्याळाची भर पडते. सकाळी दहाला लंडन सोडणारा प्रवासी पॅरिसच्या घड्याळाप्रमाणे सव्वाबाराला पोहोचतो, आणि पॅरिसहून दहाला निघालेला लंडनच्या घड्याळाप्रमाणे अवघ्या पंधरा मिनिटांत! वास्तविक दोन्ही शहरांच्या सूर्योदयाच्या हिशेबात रेखांशामुळे पडणारा फरक नऊ-दहा मिनिटांचाच. आणि १९४० पर्यंत त्यांची घड्याळेही एकच वेळ दाखवीत. त्या वर्षी जर्मन फौजांनी पॅरिस व्यापले, बर्लिनची वेळ लादली, आणि फौजा गेल्या तरी ती वेळ तशीच कायम राहिली. एका पराभवाची ही खूण आज लाखो प्रवासी नकळत मनगटावर वागवितात, याचे मला नेहमीच नवल वाटते.

याच मार्गावर, २५ ऑगस्ट १९१९ रोजी, दररोजच्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेचा आरंभ झाला. आजच्या हीथ्रोजवळच्या हाउन्स्लो हीथच्या मैदानावरून एक लहान विमान एकच प्रवासी, काही वर्तमानपत्रे, चामडे आणि साईची भांडी घेऊन निघाले व अडीच तासांनी पॅरिसजवळच्या ल बुर्जेला उतरले. त्याच्या दहा वर्षे आधी लुई ब्लेरियोने केवळ कॅले ते डोव्हर एवढी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडण्यास ३६-३७ मिनिटे घेतली होती, हे लक्षात घेता त्या अडीच तासांचे मोल कळते.

१९९४ मध्ये खाडीखालचा सुमारे पन्नास किलोमीटरचा बोगदा खुला झाला, आणि आता आगगाडी शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत सुमारे सव्वादोन तासांत जाते. विमानतळ गाठणे, तपासणी आणि सामानाची वाट पाहणे हा वेळ विमानाच्या सव्वा तासात मिळवला, तर ज्याला पॅरिसमध्येच उतरावयाचे आहे त्याने आगगाडी धरावी. पॅरिसहून पुढचे विमान गाठावयाचे असेल, तरच विमानाचे तिकीट काढावे.